नीरा ‘नाही’ म्हणाली होती

देवलांच्या ‘शारदे’त म्हाताऱ्या भुजंगनाथाचे लग्न ऐन मांडवात मोडते. ते का मोडते, हे मात्र आपण सोयीने विसरतो. शारदेला हा नवरा नको होता म्हणून ते मोडत नाही. वधू-वर सगोत्र निघाले म्हणून मोडते. मुलीचे ‘नको’ अख्खे नाटकभर प्रेक्षकाला ऐकू येते, त्याच्या डोळ्यांतून पाणी काढते, पण लग्न थांबवायला ते पुरत नाही. त्यासाठी गोत्र आडवे यावे लागते आणि पुढे शंकराचार्यांची संमती लागते. हे नाटक १८९९ चे. सप्तपदी पुरी झाली असती तर काय, हा प्रश्न देवलांनी झाकूनच ठेवला. त्या काळात त्यांनी तो झाकला याबद्दल त्यांना दोष द्यावा असे मला वाटत नाही.

अडतीस वर्षांनी पुण्यात प्रभात फिल्म कंपनीने तो उघडला. व्ही. शांताराम यांचा ‘कुंकू’ १९३७ चा; हिंदीत तोच ‘दुनिया न माने’. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर तो बेतलेला आणि पटकथाही आपट्यांचीच. पोरक्या नीरेला फसवून म्हाताऱ्या बिजवराच्या गळ्यात बांधले जाते. गोत्र आडवे येत नाही, मांडवात कोणी धावून येत नाही, लग्न लागते. आणि मग ही मुलगी सासरी येऊन सांगते की हे लग्न मला मान्य नाही, या माणसाला मी नवरा मानणार नाही. ती पळून जात नाही, जीव देत नाही. त्याच घरात राहते, वडीलधाऱ्या बाईचा जाच सोसते, वयाने आपल्या बरोबरीच्या सावत्र मुलाची वाईट नजर परतवून लावते, आणि नवऱ्यापुरते तिचे उत्तर ‘नाही’ हेच राहते. दुःख सोसता येते, अन्याय सोसायचा नसतो, हे तिचे पालुपद.

त्या काळच्या पडद्याला साजेल अशा आडवळणाने सगळे दाखवले आहे. शेजघराचे दार, उंबऱ्याशी घुटमळणारा म्हातारा, एवढेच. पण काय चालले आहे हे कळायला १९३७ सालच्या प्रेक्षकाला अडचण आली नसावी, आणि आजही येत नाही. लग्नाच्या बायकोने नवऱ्याला अंगाला हात लावू न देणे, आणि तिचे बरोबर आहे असे प्रेक्षकाला वाटणे, हा या चित्रपटाचा कणा आहे.

हे आज उकरून काढायचे कारण साधे आहे. एप्रिल २०१५ मध्ये केंद्रीय गृह राज्यमंत्र्यांनी राज्यसभेत लेखी उत्तर दिले की वैवाहिक बलात्काराची जगात समजली जाणारी कल्पना भारतात जशीच्या तशी लागू करता येणार नाही. कारणांमध्ये शिक्षणाची पातळी, गरिबी, चालीरीती, धार्मिक श्रद्धा होत्या आणि विवाहाला संस्कार मानणारी समाजाची मनोवृत्तीही होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राने याच विषयावरच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र दिले, त्यात भाषा थोडी मवाळ झाली: विवाहात संमतीला स्थान आहे, पण तिच्या भंगाला ‘बलात्कार’ म्हणणे फार कठोर होईल. दोन्हींच्या मुळाशी समजूत एकच. बायकोचा नकार हे बाहेरून आलेले खूळ आहे, आपल्या मातीत ते नव्हते.

आपल्या मातीत म्हणजे नेमके कुठल्या? आपटे हे काही पत्रके वाटणारे बंडखोर नव्हते. ते कुटुंबात वाचले जाणारे, बोधाची आवड असलेले, लोकप्रिय कादंबरीकार. त्यांच्याच ‘भाग्यश्री’वरून प्रभातने ‘अमृतमंथन’ केला. अशा घरगुती लेखकाच्या कथेवर तेव्हाच्या सर्वांत प्रतिष्ठित मराठी कंपनीने चित्रपट काढला, पुण्या-मुंबईचा सोवळा मध्यमवर्ग तो पाहायला गेला, आणि ‘मन सुद्ध तुझं’ हे त्यातले गाणे अजून लोकांच्या ओठांवर आहे. संस्कृतीच्या नावाने बोलायचे असेल तर हाही संस्कृतीचाच पुरावा आहे. तो पुण्यात प्रभात रोडच्या टोकाशी तयार झाला.

उलट बाहेरून काय आले ते तपासून पाहा. नवऱ्याने बायकोवर केलेली बळजोरी हा बलात्कार नव्हेच, हे सांगणारे इंग्रज न्यायाधीश मॅथ्यू हेल सतराव्या शतकातले. लग्न करताना बायको स्वतःला देऊन टाकते, ते तिला परत घेता येत नाही, असे त्यांचे म्हणणे, आणि ते छापले गेले त्यांच्या मरणानंतर, १७३६ साली. मेकॉलेच्या मंडळाने १८३७ साली हिंदुस्थानसाठी दंडसंहितेचा जो मसुदा केला त्यात हा अपवाद आला, तिथून १८६० च्या भारतीय दंडसंहितेत, आणि तिथून १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत: कलम ६३, अपवाद दुसरा. मधल्या काळात फक्त ज्या वयाखालच्या बायकोला हा अपवाद लागू नाही ते वय वाढत गेले. आधी दहा, १८९१ साली बारा, पुढे पंधरा, आणि २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने अठरा केले. इंग्लंडने स्वतः हेलचे तत्त्व १९९१ साली मोडीत काढले. वसाहतवादी कायदे फेकून देतो म्हणून नवी संहिता आणली आणि हा दागिना तेवढा नीट पुसून, नव्या पेटीत ठेवून दिला. मेकॉलेच्या मसुद्याला शंभर वर्षे होत होती त्याच वर्षी नीरेने पडद्यावर त्याला उत्तर दिले, हा निव्वळ योगायोग. पण मला तो आवडतो.

आता चित्रपटाच्या शेवटाकडे येऊ, कारण त्यावर आक्षेप पुष्कळ आहेत आणि ते बरोबर आहेत. काकासाहेबांना, म्हणजे नीरेच्या म्हाताऱ्या नवऱ्याला, पश्चात्ताप होतो आणि ते आत्महत्या करतात. जाताना नीरेला सांगून जातात की तू योग्य माणसाशी लग्न कर. म्हणजे ज्या बाईने अख्खा चित्रपट स्वतःच्या पायावर उभे राहून लढवला, तिची सुटका शेवटी एका पुरुषाच्या औदार्यातून होते. मला हा शेवट पहिल्यांदा पाहिला तेव्हा खटकला होता. भाबडा वाटला, थोडा लबाडही.

काकासाहेब वकील आहेत हे नीट लक्षात आले तेव्हा मात्र मत बदलले.

१९३७ सालच्या मुंबई इलाख्यात उच्चवर्णीय हिंदू बाईला घटस्फोट नव्हता. अनेक जातींत काडीमोड होती, पाट होता. ज्यांना ‘खालच्या’ म्हणायचे त्या समाजांत बाईला बाहेर पडायला एक फट होती आणि ब्राह्मणाघरी ती बुजवलेली होती. बडोद्यात सयाजीरावांनी १९३१ साली घटस्फोटाचा कायदा केला होता, पण पुण्याला त्याचा उपयोग नाही. मुंबई प्रांताचा हिंदू घटस्फोट कायदा १९४७ चा, देशभराचा हिंदू विवाह कायदा १९५५ चा. मुंबईचे डॉ. गोपाळराव देशमुख यांनी हिंदू बाईला घटस्फोटाचा हक्क देणारे विधेयक १९३८ साली मध्यवर्ती कायदेमंडळात मांडले, ते मंजूर झाले नाही. याच देशमुखांच्या खटपटीने विधवेला नवऱ्याच्या मालमत्तेत वाटा देणारा कायदा मात्र १९३७ साली, ‘कुंकू’च्याच वर्षी, झाला. आणि विधवेच्या पुनर्विवाहाला तर १८५६ पासूनच परवानगी होती.

आता वकिलाच्या डोक्याने विचार करा. नीरा बायको आहे तोवर तिला दुसरे लग्न करता येत नाही, नवरा सोडता येत नाही. नवरा मेला की तिला लग्नही करता येते, आणि लग्न केले नाही तर मालमत्तेत हिस्साही मिळतो. कायद्याने एकच दार उघडे ठेवले होते आणि ते नवऱ्याच्या तिरडीवरून जात होते. काकासाहेबांनी ते उघडले. आपट्यांनी आणि शांतारामांनी अशी कलमे समोर ठेवून शेवट लिहिला असे माझे म्हणणे नाही. पण कथेला दुसरीकडून बाहेर पडायला वाट नव्हती, हे खरेच. शेवट भाबडा वाटतो त्यातला निम्मा भाबडेपणा कायद्याचा आहे.

काकासाहेबांनी उलटा रस्ताही धरला असता. त्या रस्त्याला पुण्या-मुंबईत नाव होते: रखमाबाई. अकराव्या वर्षी लग्न झालेली ही मुलगी नवऱ्याकडे नांदायला जाईना म्हणून दादाजी भिकाजी याने १८८४ साली मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. न्यायमूर्ती पिन्हे यांनी १८८५ साली तिच्या बाजूने निकाल दिला. तो फिरला, आणि १८८७ साली न्यायमूर्ती फॅरन यांनी नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम केला. तुरुंगात जाईन, असे ती म्हणाली. ‘केसरी’ तिच्या विरोधात होता. शेवटी १८८८ साली दोन हजार रुपये देऊन प्रकरण मिटले, ती इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाली आणि सुरतेत, राजकोटला तिने आयुष्यभर दवाखाने चालवले. आज तिचे नाव आपण अभिमानाने घेतो. पण ज्या दाव्याने तिला कोर्टात खेचले तो वैवाहिक हक्काच्या पुनःस्थापनेचा दावा हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ मध्ये आजही शाबूत आहे. १९८३ साली आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवले होते (खटल्यातली सरिता ही चित्रपटातली नटी होती, हे जाता जाता). पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या एका खटल्यात ते कलम वैध ठरवले.

एवढे सगळे कायद्याचे बोललो म्हणून ‘कुंकू’ हा प्रचारपट आहे असे कोणी समजू नये. प्रचारपट असता तर काकासाहेब राक्षस असते. केशवराव दाते यांनी तो म्हातारा असा उभा केला आहे की त्याचा राग येता येता कीव येते आणि कीव येता येता पुन्हा राग येतो. हा सुशिक्षित, चारचौघांत मान असलेला, मुलीला समाजकार्य करू देणारा माणूस. ती मुलगी शकुंतला परांजपे यांनी केली. त्या रँग्लर परांजप्यांच्या कन्या, पुढे पुण्यात कुटुंबनियोजनाचे काम वर्षानुवर्षे केलेल्या आणि राज्यसभेवर नेमल्या गेलेल्या. पडद्यावर त्या बोलतात ते निव्वळ पाठ केलेले वाटत नाही, याचे कारण तेही असेल. तर असा हा सुधारकी घरातला सज्जन, आणि त्यालाच आपण एका मुलीचे आयुष्य विकत घेतले आहे हे दिसत नाही. आरशात पाहताना त्याला पांढरे केस दिसतात, पण बाजूला उभी राहू न इच्छिणारी ती दिसत नाही.

कादंबरीला हे सांगायला पानेच्या पाने लागतात; चित्रपट ते वस्तूंकडून काढून घेतो. भिंतीवरचे जुनाट घड्याळ हे म्हाताऱ्याचे दुसरे रूपच आहे. आणि पार्श्वसंगीत नाही. प्रभातसारख्या गाण्याबजावण्याच्या कंपनीने १९३७ साली अख्खा चित्रपट पार्श्वसंगीताशिवाय केला; घरातले आवाज तेवढे ठेवले. त्यामुळे नीरा गप्प बसते तेव्हा ती गप्प बसल्याचे ऐकू येते. व्हायोलिन येऊन आपल्याला काय वाटायला हवे ते सांगत नाही. आजच्या मालिकांत सुनेने पापणी हलवली तरी तीनदा ढोल वाजतो, त्या कानांना हा चित्रपट सुरुवातीला रिकामा वाटेल. जरा वेळ द्यावा.

दात्यांच्या या सज्जन म्हाताऱ्यामुळेच मला आजच्या वादातला एक मोठा आक्षेप पोकळ वाटतो. आक्षेप असा: अपवाद काढला तर चांगल्या घरचे, साधे नवरे गुन्हेगार ठरतील. चांगल्या घरचा साधा नवराच बळजोरी करू शकतो, ‘कुंकू’चा विषयच तो आहे. कायद्याच्या कल्पनेत बलात्कारी हा नेहमी अंधारातून येणारा अनोळखी माणूस असतो. काकासाहेब दिवाणखान्यात बसतात.

दुसरा आक्षेप वजनदार आहे आणि तो उडवून लावणाऱ्यांशी माझे पटत नाही. बंद दाराआडची गोष्ट सिद्ध कशी करायची? खोट्या तक्रारी आल्या तर? बलात्काराला किमान दहा वर्षांची शिक्षा आहे. प्रत्येक संसारावर ही टांगती तलवार? शिक्षेचा प्रश्न खरा आहे, आणि विवाहातल्या गुन्ह्याला शिक्षेची वेगळी श्रेणी असावी असे कोणी म्हणाले तर मी त्याला प्रतिगामी म्हणणार नाही. पण पुरावा मिळणे कठीण म्हणून गुन्हा गुन्हाच नाही, हे तर्कट चालत नाही. लाच बंद दाराआडच घेतात.

शिवाय कायदा याच बाबतीत किती चमत्कारिक बोलतो ते पाहा. नवरा-बायको वेगळे राहत असतील आणि नवऱ्याने बळजोरी केली तर तो गुन्हा आहे: न्याय संहितेचे कलम ६७, दोन ते सात वर्षे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात लैंगिक छळ येतो, पण दिवाणी स्वरूपाच्या मदतीपुरता. म्हणजे बायकोच्या ‘नाही’ला अर्थ असतो, पुरावा तपासता येतो, संसार कोसळत नाही, हे सगळे कायद्याला मान्य आहे. फक्त तिने आधी घर सोडले पाहिजे. बॅग भरून माहेरी गेलेल्या बाईचे ‘नाही’ ऐकले जाते, घरात राहिलेल्या बाईचे नाही. नीरा घरात राहिली. ज्यांना माहेर नाही, भाडे भरायला पैसे नाहीत, पोरांची शाळा त्या घराजवळ आहे, अशा बहुतेक बाया घरातच राहतात. पोरक्या मुलीने कुठे जायचे?

आणि शेवटचा तो आवडता मुद्दा, की सरकारने शेजघरात येऊ नये. हा पुण्याला नवा नाही. १८९१ साली संमतिवयाचे बिल आले तेव्हा टिळकांनी हेच म्हटले: परक्या सरकारने आमच्या घरात ढवळाढवळ करू नये. तेव्हा सरकार परके होते, म्हणून त्या म्हणण्याला निदान राजकीय धार होती. आज आपलेच सरकार आपल्याच न्यायालयात उभे राहून सांगते की आम्ही या घरात येत नाही. पण ते आधीच आलेले आहे. लग्न नोंदवते तेच, नांदायला चल असा हुकूम देते तेच, घटस्फोट देते तेच. फक्त बायको मदतीला हाक मारते तेव्हा त्याला घराच्या पावित्र्याची आठवण होते.

‘कुंकू’ला सगळे दिसले होते असे मात्र मी म्हणत नाही. नीरेचा नकार आपल्याला चटकन पटतो तो नवरा म्हातारा आहे म्हणून. जरठ-कुमारी विवाह वाईट, हे ‘शारदे’पासून सगळ्यांना पाठ होते. पण नवरा पंचविशीचा, देखणा, तिनेच पसंत केलेला असता आणि एका रात्री ती ‘नाही’ म्हणाली असती तर? तो प्रश्न आपट्यांनी झाकून ठेवला, जसा त्यांच्या आधीचा देवलांनी ठेवला होता. सध्याचा खटला नेमका त्या प्रश्नावर आहे.

शांता आपटे यांच्याबद्दल एक सांगायचे राहिले. नीरा करून दोन वर्षे होतात न होतात तोच, १९३९ साली, कराराच्या भांडणावरून त्या प्रभातच्या फाटकाशी उपोषणाला बसल्या. भूमिका आणि नटी यांची सरमिसळ करू नये हे खरे, पण या बाबतीत ती आपोआप होते. वर्षभराने त्यांनी ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक लिहिले, शीर्षकातच प्रश्नचिन्ह ठेवून.

वैवाहिक बलात्काराच्या अपवादावर दिल्ली उच्च न्यायालयाचे दोन न्यायमूर्ती ११ मे २०२२ रोजी दोन बाजूंना गेले: एकाने तो घटनाबाह्य ठरवला, दुसऱ्याने वैध. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथे सुनावणी सुरूही झाली, पण सरन्यायाधीशांची निवृत्ती जवळ आली होती आणि तेवढ्या दिवसांत युक्तिवाद संपणार नव्हते. तेव्हा ती दुसऱ्या पीठापुढे घ्यावी म्हणून पुढे ढकलली गेली.